तिळ्यांचे शब्द : जून ते नोव्हेंबर २०२४च्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

वही आजपासून सुरू.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका फाउंड्रीत मेल्टिंगला, म्हणजे धातू वितळवायच्या कामाला आहे. तिथे प्रत्येक हीटची, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूची, वेगळी नोंद होते. भट्टी कितीला लागली, नमुना कधी काढला, कार्बन किती, सिलिकॉन किती. एका हीटचा आकडा दुसरीच्या रकान्यात गेला तर पुढे सगळा माल अडतो. घरी मात्र वीस महिने आम्ही तीन मुलांची मिळून एकच नोंद ठेवत आलो. दूध पिऊन झालं, जेवून झालं, झोपली. कोण किती जेवलं, कोण आधी उठलं, हे विचारलं तर तिघांपैकी एकाचंही ठामपणे सांगता येत नाही.

मुलं तीन: थोरली, मधला, धाकटी. वहीत नावं लिहीत नाही. जन्म ५ ऑक्टोबर २०२२, तेहतिसाव्या आठवड्यात, चार मिनिटांच्या अंतरात तिघंही. वजनं १७८०, १६२० आणि १३९० ग्रॅम. सुरुवातीचे दिवस काचेच्या पेटीत गेले. धाकटी सगळ्यांत शेवटी, एकतिसाव्या दिवशी घरी आली. दिवस भरायच्या सात आठवडे आधी जन्मली, म्हणून डॉक्टर दोन वर्षांपर्यंत त्यांच्या वयातून सात आठवडे वजा करून बघतात. त्या हिशेबाने आज साधारण अठरा महिने.

प्रकल्पाचं कारण मधला आहे. परवा तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, किती शब्द बोलतात? आम्ही म्हणालो, बोलतात की. ते म्हणाले, प्रत्येकाचं सांगा. आम्हाला सांगता येईना. दोन दिवस कान देऊन मोजलं:

थोरली २३. धाकटी १४. मधला ६.

मधल्याचे सहा: आई, दुदू, मम्म, भूभू, नको, आणि पंख्याला 'घुं'. हा 'घुं' तिघांचाही आहे. कुणी शिकवला नाही, त्यांनी त्यांच्यातच ठरवलाय. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं यावं असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब. वजावट धरून दोन वर्षं पूर्ण होतात २३ नोव्हेंबरला. तोपर्यंत ही वही.

८ जून

सगळ्यात आधी कान. जन्मानंतर पेटीत राहिलेल्या मुलांचे कान नीट तपासावे लागतात. तेव्हाची तपासणी ठीक होती, तरी बोलणं मागे दिसलं की पुन्हा करतात. कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्र बघतं. मूल गाढ झोपलेलं लागतं. मधल्याला झोपेचं औषध दिलं तरी पाऊण तास डोळे मिटेनात. शेवटी मांडीवर घेऊन पाठीवर थोपटत राहिलो. दवाखान्यात मी याच्या एकट्याबरोबर पहिल्यांदाच बसलो होतो. त्याच्या उजव्या भुवईत बारीक भोवरा आहे. वीस महिन्यांत मला तो दिसला नव्हता.

दोन्ही कान चांगले.

१२ जून

स्पीच थेरपिस्टबाईंकडे तिघांना नेलं. त्यांनी तासभर काहीच केलं नाही, खेळणी टाकून नुसतं बघत बसल्या. मग मधल्याला विचारलं, "पाणी हवं का रे बाळा?" थोरलीने मान हलवली, पेला घेतला आणि त्याच्या तोंडाला लावला. त्या म्हणाल्या, "बघितलंत? याला बोलायची गरजच पडत नाही."

जुळ्या-तिळ्यांत बोलणं थोडं उशिरा येणं नेहमीचं आहे, असं त्यांनी समजावलं. एक कारण लवकर जन्मणं. दुसरं असं की मोठ्या माणसांचं एकेकट्याशी बोलणं वाटून जातं. मोठी माणसं तिघांशी मिळून बोलतात आणि तेही बहुतेक हुकमाचं: चला, बसा, सोडा, उठा.

घरी येऊन आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "त्येला बोलायचं न्हाई असं न्हाई रे. त्येला बोलू कोण देतंय?"

वर्षभर आजी हेच म्हणत होती. आम्ही ऐकलं नव्हतं.

१४ जून

ठरलेलं काम असं:

रोज प्रत्येक मुलाबरोबर एका मोठ्या माणसाने पंधरा मिनिटं एकट्याने घालवायची. बाकीची दोन त्या खोलीत नकोत. मूल बघेल त्याचं नाव आपण घ्यायचं, "हे काय? ते काय?" अशी परीक्षा घ्यायची नाही. बोलून झालं की थांबायचं, मनात दहा मोजायचे. त्याने एक शब्द काढला तर आपण त्याचे दोन करून परत द्यायचे. जेवताना मोबाइल बंद.

शेवटचं सगळ्यात जड जाणार. तिघांना एका ओळीत बसवून समोर मोबाइल लावायचा आणि एका वाटीतून एकाच चमच्याने आळीपाळीने भरवायचं, असं आमचं चाललंय. त्यामुळे पंचवीस मिनिटांत तिघांचं जेवण उरकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्येच सांगून ठेवलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको. आम्हाला माहीत होतं. पण घरात दोन हात आणि तीन तोंडं असली की माहीत असलेलं मागे पडतं.

उद्यापासून मुलांच्या आईची शाळा सुरू. प्राथमिक शिक्षिका आहे, लांबवलेली रजा संपली. दिवसभर आजी आणि कामाच्या मावशी. मी पहिल्या पाळीला, साडेचारला घरी.

१९ जून

मोबाइलविना पाचवा दिवस. पहिले तीन दिवस रडण्यात गेले. चौथ्या दिवशी आजीने तीन वेगळ्या वाट्या, तीन वेगळे चमचे काढले आणि मऊ भात-वरण अगदी थोडं, दोन-दोन चमचेच वाढलं. संपलं की थांबायची. थोरली लगेच "अजून". धाकटीने वाटी आपटली, मग "अजू". मधला वाटीकडे बघत बसला. आजीने दहा मोजले असतील, वीस मोजले असतील. थोरली स्वतःची वाटी त्याच्याकडे सरकवायला लागली तशी आजीने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्येचं त्यो सांगंल."

त्याने वाटी उचलून पुढे केली. शब्द नाही. पण मागितलं. नोंद घेतली.

जेवणाला आता एक तास दहा मिनिटं लागतात.

२३ जून, रविवार

पंधरा मिनिटं एकट्याने म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न निघाला. शिवाजी पेठेतलं आमचं घर दोन खोल्यांचं. एकाला घेऊन आत गेलं की दारावर बाहेरून दोघांचे तळवे वाजतात.

म्हणून आजपासून मी एकेकाला घेऊन दूध आणायला गंगावेशीच्या कट्ट्यावर जाणार. पिशवीचं दूध बंद करायचं नाही, पण संध्याकाळचं एक लिटर कट्ट्यावरून. पाळी ठरली: थोरली, मधला, धाकटी, आणि पुन्हा तसंच. ज्या दोघांची पाळी नसेल त्यांच्यातल्या एकाला आई गच्चीवर नेते, एकाला आजी देवासमोर बसवते.

आज थोरली. घरापासून कट्ट्यापर्यंत अखंड बोलत होती. परत निघताना म्हशींना हात करून "मी येतो!" म्हणाली. आजी असंच बोलते, मी आलो, मी जेवलो. कोल्हापुरात आमच्या बायका असंच बोलतात. त्या थेरपिस्टबाई कोल्हापूरच्या नाहीत, त्यांना चूक वाटेल. मी तो शब्द बरोबर धरला.

२४ जून

मधल्याची पाळी. हे सविस्तर लिहून ठेवतो.

कट्ट्यावर म्हशी रांगेने उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतात. तिथेच उभं राहून फेसाळ दूध पिणारे लोकही असतात. आम्ही ते घरी नेऊन उकळूनच देणार. मी त्याला कडेवरून उतरवून एका म्हशीपासून चार हातांवर उभा केला. गवळीमामा उकिडवे बसले होते, गुडघ्यांत चरवी. पहिल्या धारा रिकाम्या भांड्याच्या तळाला लागतात तेव्हा आवाज पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा येतो. भांडं भरत जाईल तसा तो जाड होतो आणि शेवटी फेसात मुरतो. मधला आधी माझी पँट धरून होता. मग एक बोट सोडलं, मग हात. आवाज बदलला तसं त्याने मान वाकडी करून चरवीकडे कान केला.

मी नेहमीसारखं "बघ बघ, म्हैस बघ, मोठी म्हैस" सुरू करणार होतो. थांबलो. एकदाच म्हणालो, "म्हस." आमच्याकडे म्हसच म्हणतात. मग गप्प.

म्हशीने शेपटी मारली. मामांनी वर बघितलं, "काय दादा, आज ह्यो आणलाय व्हय? काल पोरगी हुती."

एवढ्यात खालून आवाज आला, "मस."

मी हललो नाही. पुन्हा, "मस." मग मी म्हणालो, "काळी म्हस." तो हसला. हसताना त्याच्या खालच्या ओठाला लाळ होती आणि म्हशीच्या अंगावरची माशी त्याच्या गालावर बसली होती, ती त्याने हाकललीही नाही.

सातवा शब्द. वेळ संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

२ जुलै

थोरली ३१, धाकटी १९, मधला ९.

पाऊस लागून राहिलाय. लंगोट वाळत नाहीत. दोरीखाली रात्री पंखा लावून ठेवतो आणि तिघं खालून "घुं" म्हणत बसतात. दिवसाला दहा-बारा डायपर परवडत नाहीत, ते फक्त रात्री.

१२ जुलै

ही नोंद लिहायला जड आहे, पण वही त्यासाठीच आहे.

काल तिघांचं लसीकरण एकाच दिवशी केलं. सोळा ते चोवीस महिन्यांमधलं: त्रिगुणीचा बूस्टर, पोलिओचा डोस, गोवर-रुबेलाची दुसरी सुई. रात्री तिघांनाही ताप. तापाचं औषध डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं, तिघांचं माप वेगळं. थोरली १०.४ किलो, मधला ९.६, धाकटी ८.७. रात्री साडेअकराला आजीने मधल्याला औषध दिलं. मी पंधरा मिनिटांनी उठलो, तो कण्हत होता, मीही दिलं. धाकटीला कुणीच दिलं नाही. तिचं अंग तापलेलं आणि ती गप्प पडून होती. जो रडतो त्याला औषध मिळतं, हे असं.

बाटलीतलं माप बघून लक्षात आलं तेव्हा बारा वाजले होते. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी किती मिली ते दोनदा विचारलं, म्हणाले, एवढ्याने धोका नाही, पण पुढचे आठ तास काही द्यायचं नाही, आणि उलटी किंवा सुस्ती वाटली तर लगेच घेऊन या. आम्ही दोघं नवरा-बायको सकाळपर्यंत त्याच्याजवळ बसून होतो. सकाळी तो उठला आणि नाचणीचं सत्व मागितलं. मागितलं म्हणजे बोट दाखवून "दे".

आजपासून फ्रिजवर तीन कागद, तीन रंगांचे. औषध देणाऱ्याने आधी वेळ आणि सही, मग बाटलीचं झाकण उघडायचं. आजीला लिहिता येत नाही, ती कुंकवाचं बोट उमटवणार. मावशींनी हे सुचवलं.

यापुढची कुठलीही सुई एका वेळी एकाच मुलाला. जास्त फेऱ्या पडल्या तरी चालेल.

२६ जुलै

या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. गंगावेशीकडे जाणं बंद. २०१९मध्ये महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, त्या वेळी मी फाउंड्रीच्या बाजूलाच अडकून पडलो होतो. या वेळी घरात तीन लेकरं आहेत, त्यामुळे पाण्याचा आकडा तासाला बघतोय.

एकट्याची पाळी जिन्यात करतोय. पायऱ्या मोजतो. मधला खिडकीच्या गजाला नाक लावून "पाऊ". मी: "मोठा पाऊस." तो: "मोता." जोडून नाही, पण एकामागोमाग दोन शब्द. जोडलेलं धरत नाही.

१९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

मधल्याच्या दोन्ही मनगटांवर एकेक राखी. आईने थोरलीला एकटीला बसवून ओवाळायला लावलं, मग तिला आत नेऊन धाकटीला. एरवी आम्ही तिघांना एका पाटावर बसवून उरकलं असतं. धाकटीने राखीचा गोंडा त्याच्या हाताऐवजी नाकाला लावला आणि स्पष्ट म्हणाली, "दादा." तिला 'दादा' म्हणायला कुणी सांगितलेलं नव्हतं. दोघांत दोन मिनिटांचं अंतर आहे.

शब्द: थोरली ५८, धाकटी ३४, मधला १७.

११ सप्टेंबर, गौरीपूजन

घरात पाव्हणे. आजची एकट्याची पाळी कुणाचीच झाली नाही.

एक लिहिण्यासारखं. येणारी प्रत्येक बाई तिघांना एकत्र उभं करून बघते आणि विचारते, "ह्यातला बोलत नाही तो कोण?" हे मुलांसमोर विचारू नये, असं मला फार वाटतं. तो ऐकतो. त्याचे कान चांगले आहेत, आम्ही तपासून आणलेत. मुलांची आई आज एका मावशींना हात जोडून म्हणाली, "मावशी, तो आज 'गौरी' म्हणाला. तुम्ही त्याच्याशी बोलून बघा ना." त्या खाली बसल्या आणि बोलल्या. त्याने त्यांच्या हातात फुलोऱ्यातली करंजी दिली.

आजीने संध्याकाळी तिघांची दृष्ट काढली. मीठ-मोहरी एकत्र नाही, तीनदा वेगळी.

५ ऑक्टोबर

दोन वर्षं पूर्ण. थोरली ११२, यापुढे तिचे मोजणं थांबवतो. तीन शब्दांची वाक्यं बोलते. धाकटी ७१. मधला ३८.

डॉक्टर: वजावटीने अजून सात आठवडे आहेत, चढ चांगला आहे, चालू ठेवा. वजनातही धाकटी सावरली.

केक नव्हता, आजीने शिरा केला. तीन वाट्यांत वेगवेगळा: थोरलीचा बेदाणे घालून, मधल्याचा बेदाणे काढून, धाकटीचा पातळ. आवडीनिवडी कळल्या आहेत हे मला शब्दांच्या आकड्याइतकंच मोठं वाटतं.

२ नोव्हेंबर, पाडवा

आज गवळी लोक म्हशी सजवून मिरवतात. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. आज तिघांनाही नेलं, सोबत आई आणि मी. मधल्याला त्याची नेहमीची म्हस सजवलेली ओळखू आली. गर्दीतून तिच्याकडे हात करून तो थोरलीला सांगत होता, "मस! मस!" आणि थोरली त्याला विचारत होती, "कुठंय?" इतके दिवस ती त्याच्या वतीने सांगायची. आज तो तिला दाखवत होता.

शब्द: मधला ४६.

२३ नोव्हेंबर

ठरवलेली तारीख आज. आणि आजच विधानसभेचा निकाल. सकाळपासून फटाके, रस्ताभर गुलाल, गाड्यांचे कर्णे. बाहेर पडणं शक्य नव्हतं. धाकटी आवाजाने दचकत होती, तिला दिवसभर आईने पोटाशी धरलं. थेरपिस्टबाईंशी फोनवर बोलणं झालं. मधल्याचे आजचे ५३. जोडलेले शब्द अजून नाहीत, "थांबू या, मूल बोलतं झालंय" असं त्या म्हणाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

मधल्याची पाळी, कालची राहिलेली. रस्त्यावर अजून गुलाल. कट्ट्यावर मामांनी त्याला ओळखून हाक मारली. धार सुरू झाली. त्याने नेहमीसारखा कान केला. मग मागे वळून बघितलं. माझ्या मागे, रस्त्याकडे, बराच वेळ. मी मनात दहा मोजत होतो, सातावर असताना तो म्हणाला,

"ताई कुठाय?"

दोन शब्द, जोडलेले, प्रश्न म्हणून. सहा वाजून पाच मिनिटं.

मी सांगितलं, ताई घरी आहे. तो म्हणाला, "ताई मस." मी घाईने दूध घेतलं, घरी गेलो आणि थोरलीला उचलून दोघांना घेऊन परत आलो. नियम मोडला. कट्टा उठायच्या बेतात होता, एकच म्हस राहिलेली. मामांनी दोघांसाठी नुसत्याच दोन धारा काढून दाखवल्या.

२५ नोव्हेंबर

धाकटीची पाळी. थंडी पडायला लागलीय, टोपरं घातलं. जाताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती, तिथेही उतरली नाही. फेस बघत राहिली. पाऊण तास. नवा शब्द नाही.